साध्या पेल्याची कुळकथा



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनदा डोळ्यांपुढे येतात. घरातल्या भांड्यांकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. तान्ह्याला दूध पाजण्याचे चोचीचे बोंडले आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. पण ते घडवणाऱ्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. साध्या वस्तूंचे कर्ते बहुधा अनामिकच राहतात. त्याला अपवाद ठरलेल्या एका पेल्याची हकिकत सांगतो.

इंग्लंडमधील मँडी हॅबरमन यांची कन्या १९८० साली जन्मली. जन्मजात विकारामुळे तिला दूध ओढता येईना. तेव्हा या आईने खटपट करून अशा मुलांसाठी झडपेची बाटली सिद्ध केली. पुढे १९९० मध्ये एका स्नेह्यांच्या घरी लहान मुलाच्या पेल्यातील रस गालिच्यावर सांडताना त्यांनी पाहिला. पेल्याला झाकण असे, पण तोटी उघडीच. पेला कलंडला की रस बाहेर! हॅबरमन यांनी तोटीत चिरा दिलेला लवचिक पडदा बसवला. मूल ओढू लागले की चिरा उघडतात, थांबले की मिटतात. मुलाने काही शिकायला नको, आईने काही बंद करायला नको.

कंपन्यांनी प्रथम नकार दिले. पुढे एका बड्या दुकानदार कंपनीकडे त्यांनी रसाने भरलेला पेला तसाच खोक्यात घालून टपालाने पाठवला. तो न सांडता पोहोचला आणि मागणी आली.

पेला खपू लागताच दुसऱ्या कंपनीने तसाच पेला काढला. दावा लागला. प्रतिपक्ष म्हणाला, अशा झडपा पूर्वीपासून ठाऊक आहेत. यात शोध तो कसला? १९९९ मध्ये न्यायमूर्ती लॅडी यांनी हॅबरमन यांचे पेटंट वैध ठरवले. पाऊल लहान होते खरे. पण साधने वर्षानुवर्षे हाताशी असूनही त्या धंद्यातील कोणी ते उचलले नव्हते, हा त्यांच्या निर्णयाचा आशय.

सोपे ते सापडल्यानंतरच सोपे दिसते. आपल्या आज्यांनी व आयांनी अशी किती पावले उचलली असतील! त्यांच्यामागे ना पेटंट, ना निकालपत्र. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : घरातील जुन्या वस्तूंची नावे आणि उपयोग वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. बोंडले माळ्यावर गेले आहेच; निदान तो शब्द तरी आपल्या हयातीत हरवू देऊ नका.