अभिलेखाचे कुलूप : फेरफार नोंदवहीपासून संगणकापर्यंत

प्रस्तावना
एकाच नोंदीत एकाच वेळी अनेकांनी बदल करू लागल्यास कोणाचा बदल ग्राह्य धरावा, हा प्रश्न सामान्यतः संगणकशास्त्राचा मानला जातो. तथापि महाराष्ट्राच्या महसुली दप्तरास तो संगणकापूर्वीच परिचित होता. मीरा-भाईंदरसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात या प्रश्नाचे महत्त्व विशेषत्वाने जाणवते. 12 जून 1985 रोजी येथे नगरपरिषद आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका स्थापन झाली. 2001 मध्ये 5,20,388 असलेली लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 8,09,378 झाली. शहर वाढले, तरी जमिनीची ओळख मिरे, भाईंदर, नवघर, घोडबंदर या महसुली गावांच्या सर्व्हे नंबरांशीच निगडित राहिली. एका सर्व्हे नंबरावर खरेदीखते, वारसनोंदी व बोजे यांची गर्दी होऊ लागली.

कागदावरील व्यवस्था
मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत रूढ झाली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 ने फेरफाराची कार्यपद्धती निश्चित केली. तलाठी सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करीत नसे. बदल प्रथम गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिला जाई. हितसंबंधितांना नोटिसा जात आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असे. तोवर सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक केवळ पेन्सिलने टिपलेला असे. नोंद प्रमाणित झाल्यावरच ती शाईने कायम होई. पुढील व्यवहार करणाऱ्यास ही पेन्सिलीची खूण सावध करी. कागदावरचे कुलूप ते हेच.

संगणकाचे कुलूप
समजा, 40 आर क्षेत्राची एक नोंद दोन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी उघडली. पहिल्याने 10 आरची विक्री नोंदवून शिल्लक 30 लिहिली. दुसऱ्याने 5 आरची विक्री नोंदवून 35 लिहिली. दुसरा आकडा शेवटी जतन झाल्यास पहिल्या खरेदीदाराचे 10 आर नाहीसे होतात. खरी शिल्लक 25 असते. या दोषावर जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये द्विचरण कुलूप-पद्धतीची तात्त्विक मांडणी केली : एकदा कोणतेही कुलूप सोडले की नवे घ्यायचे नाही. कुंग व रॉबिन्सन यांनी 1981 मध्ये दुसरा मार्ग सुचविला : कुलूप न लावता काम करावे आणि जतन करताना मध्यंतरी कोणी बदल केला आहे का, हे तपासावे.

पंधरा दिवस यंत्रातील कुलूप अडकवून ठेवणे व्यवहार्य नाही, कारण त्या नोंदीचे इतर सर्व काम खोळंबते. म्हणून यंत्राचे कुलूप क्षणिक ठेवून दीर्घ प्रतीक्षेसाठी नोंदीवर स्वतंत्र खूण ठेवावी लागते. ई-फेरफार प्रणालीतील सातबाऱ्यावर दिसणारा ‘प्रलंबित फेरफार’ हा शेरा पेन्सिलीच्या त्या टिपेचाच वारस होय.

समारोप
यंत्राचे कुलूप केवळ क्रम ठरविते, न्याय नव्हे. दोन व्यवहारांपैकी कोणता आधी नोंदविला गेला हे ते सांगू शकते. कोणता वैध, हे सांगू शकत नाही. त्यासाठी नोटीस, हरकत आणि सुनावणी आवश्यकच असते. नोंदीची गती वाढविताना ही प्रतीक्षा निरुपयोगी विलंब मानली गेल्यास, बिनचूक जतन झालेली परंतु अन्याय्य नोंद निर्माण होण्याचा धोका संभवतो.