तारुण्यपीटिका (मुरूम)

त्वचेतील तैलग्रंथी व रोमकूप यांचा दीर्घकालीन विकार. यौवनारंभी पुंप्रेरकांच्या प्रभावाने तैलस्राव वाढतो, रोमकूपाचे मुख मृत पेशींनी रुद्ध होते आणि आत कोंडलेल्या स्रावात क्यूटिबॅक्टेरियम ॲक्निस हे जंतू वाढून दाह उत्पन्न होतो. काळ्या वा पांढऱ्या टोकाची बारीक पुळी, लाल पुटकुळी, पुवाळलेला फोड व गाठ ही त्याचीच चढती रूपे होत. सुश्रुतसंहितेने क्षुद्ररोगांत ‘मुखदूषिका’ या नावाने हिची गणना करून तिला सावरीच्या काट्याची उपमा दिली आहे, आणि ती आजही बिनतोड आहे.

बंगळूरच्या बेळ्ळंदूर उपनगरात, जेथील प्रदूषित तलावाने २०१७ साली पेट घेतल्याचे सर्वश्रुत आहे, नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या एखाद्या तरुणाने मुरुमांचा सारा दोष तेथील पाण्यावर ढकलावा हे स्वाभाविक असले, तरी मूळ कारण पाण्यात नाही. हेल्मेटचे घर्षण व घाम मात्र कपाळ-हनुवटीवरील विकार खरोखर वाढवतात.

सौम्य विकारात बेंझॉइल पेरॉक्साइड व ॲडापलीन यांचे लेप, मध्यम विकारात जोडीला मर्यादित मुदतीपुरती डॉक्सिसायक्लीन, आणि व्रण ठेवणाऱ्या गाठींवर आयसोट्रेटिनॉइन देतात. हे शेवटचे औषध गर्भास घातक असल्याने गर्भवतीस सर्वथा वर्ज्य. गुण येण्यास दोन-तीन महिने लागतात, आणि याच अधीरतेपायी स्टेरॉइडयुक्त मलमे दुकानातून परस्पर आणून चेहरा बिघडवून घेणारे आपल्याकडे थोडे नाहीत. अशा अनेक मलमांच्या विक्रीस केंद्र सरकारने २०१८ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले.