बारा गावचं पाणी

इंग्लिश फुटबॉलमध्ये 'जर्नीमन' असा एक शब्द आहे. बऱ्याच जणांना वाटतं की सतत या गावाहून त्या गावाला प्रवास करणारा, म्हणून जर्नीमन. अर्थ चपखल बसतो, पण शब्द तिथून आलेला नाही. तो आलाय फ्रेंचमधल्या 'दिवस' या अर्थाच्या शब्दावरून. युरोपातल्या जुन्या कारागिरांच्या संघांमध्ये तीन पायऱ्या असत. आधी उमेदवारी, मग जर्नीमन, मग उस्ताद. उमेदवारी संपली, कसब हातात आलं, पण स्वतःचं दुकान नाही, तो जर्नीमन. रोजंदारीवर काम करणारा कसबी माणूस. आज इथे, उद्या जिथे काम असेल तिथे.

तर आज अशाच एका रोजंदारीवाल्याबद्दल. स्टीव्ह क्लॅरिज. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडे शनिवार-रविवारी रात्री जागून प्रीमियर लीग बघणाऱ्यांनाही तो माहीत असायचं कारण नाही. मीसुद्धा त्याला खेळताना बघितलंय ते फक्त यूट्यूबवरच्या धुरकट क्लिप्समध्ये. मोजे घोट्यापर्यंत घसरलेले, शर्ट बाहेर, केस विस्कटलेले. चुकून मैदानात आलेला प्रेक्षक वाटावा असा अवतार. पण पळतोय मात्र सगळ्यांपेक्षा जास्त.

जन्म १९६६, पोर्ट्समथ. सुरुवात फेअरहॅम टाउन नावाच्या छोट्या क्लबात. मग १९८४ मध्ये बोर्नमथने घेतला, जेमतेम काही मॅचेस खेळवला आणि सोडून दिला. पुढची तीन वर्षं वेमथ या क्लबात, म्हणजे लीगच्या बाहेर. इथे थोडं समजावून सांगायला हवं. इंग्लंडमध्ये वरच्या चार डिव्हिजन मिळून ९२ क्लब. त्यांच्या खाली जे काही आहे ते सगळं 'नॉन-लीग'. तिथे बहुतेक खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. १९८६-८७ च्या सीझनपर्यंत तर खालून वर यायची हक्काची वाटसुद्धा नव्हती. शेवटच्या नंबरच्या क्लबांना काढायचं की ठेवायचं हे बाकीचे क्लब मतदान करून ठरवायचे, आणि आपल्याच पंगतीतल्याला सहसा कुणी उठवत नसे.

१९८८ मध्ये क्रिस्टल पॅलेसने त्याला वर ओढलं. आणि एकही मॅच खेळवली नाही. शून्य. हे पॅलेस लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

तिथून ऑल्डरशॉट. सैन्याची छावणी असलेलं गाव आणि कायम खडखडाट असलेली तिजोरी. क्लॅरिज १९९० च्या सुरुवातीला तिथून निघाला, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये कोर्टाने क्लब बंद करायचा आदेश दिला. तेव्हा एका १९ वर्षांच्या मुलाने दोन लाख पौंडांची तजवीज करून तो वाचवला. ही गोष्ट मी बनवलेली नाही, खरंच झालेली आहे. अर्थात त्याने फार काळ निभावलं नाही. मार्च १९९२ मध्ये ऑल्डरशॉट भर सीझनमध्ये बुडाला आणि त्या वर्षीच्या त्यांच्या सगळ्या मॅचेसचे निकाल रेकॉर्डमधून पुसून टाकले गेले. त्यांच्याविरुद्ध ज्यांनी गोल केले होते, त्यांचे ते गोलही लीगच्या लेखी गेले. स्ट्रायकरच्या दृष्टीने याहून वाईट काय असणार? त्याचं सगळं भांडवल म्हणजे तो एक आकडा.

केंब्रिज युनायटेड हा या कहाणीतला सगळ्यात रंगतदार भाग आहे, तेव्हा इथे जरा थांबू. मॅनेजर जॉन बेक. या गृहस्थाचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: बॉल लवकरात लवकर प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात पोहोचला पाहिजे. त्यासाठी मैदानाच्या कोपऱ्यातलं गवत मुद्दाम वाढवलेलं असे, म्हणजे लांबून मारलेला बॉल तिथे अडकून राहील आणि रेषेबाहेर जाणार नाही. मॅचच्या आधी खेळाडूंच्या अंगावर थंडगार पाण्याच्या बादल्या. मधून खेळायचं नाही, नक्षीकाम करायचं नाही. इंग्लंडभर त्यांच्या नावाने बोटं मोडली जात. पण आकडे बघा. १९९० मध्ये चौथ्या डिव्हिजनमधून वर, १९९१ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद, आणि १९९१-९२ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पाचवा नंबर. म्हणजे नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीगच्या दारापर्यंत. तिथे प्ले-ऑफच्या सेमीफायनलमध्ये त्यांना लेस्टरने धुतलं.

क्लॅरिजला हे सगळं झेपत नव्हतं. त्याला बॉल घेऊन आत वळायची, समोरच्याला चकवायची हौस. १९९२ मध्ये एका मॅचमध्ये तो कोपऱ्याकडे न पळता आत वळला म्हणून बेकने त्याला पहिल्या हाफमध्येच बाहेर काढलं, आणि मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये दोघांची चक्क मारामारी झाली. त्या उन्हाळ्यात त्याची रवानगी लूटन टाउनला. ऑक्टोबरमध्ये केंब्रिजने बेकलाच काढलं, आणि महिन्याभरात हा पठ्ठ्या परत केंब्रिजमध्ये हजर!

आपल्या आयटीत चार वर्षांत तीन कंपन्या झाल्या की एचआरवाल्या बाई भुवया उंचावून विचारतात, 'यू सीम टु बी अ जॉब हॉपर.' क्लॅरिजचा रेझ्युमे त्यांच्यासमोर ठेवला तर त्यांना चक्कर येईल. पण फरक असा की आपण उडी मारतो, याला बहुतेक वेळा उचलून नेलेलं आहे. फुटबॉलपटूची नोंदणी क्लबकडे असते आणि ती विकली जाते. १९७८ नंतर कॉन्ट्रॅक्ट संपलेल्या खेळाडूला दुसरीकडे जाता यायचं खरं, पण नव्या क्लबला जुन्या क्लबला पैसे मोजावे लागायचे, आणि रकमेवर एकमत झालं नाही तर लवाद बसायचा. नोटीस पीरियड पूर्ण केल्यावरही नव्या कंपनीने जुन्या कंपनीला तुमची किंमत द्यायची, असं समजा. डिसेंबर १९९५ मध्ये बोसमन या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपच्या कोर्टाने ही पद्धत मोडीत काढली. पण खुद्द इंग्लंडमधल्या दोन क्लबांमध्ये ते लागू व्हायला १९९८ उजाडलं, आणि तेही २४ वर्षं पूर्ण झालेल्यांनाच.

त्यातही स्ट्रायकर सगळ्यात जास्त फिरतो. कारण सोपं आहे. बचावपटू चांगला की वाईट यावर वाद घालता येतो, गोल मोजता येतात. खाली घसरायची भीती असलेला मॅनेजर जानेवारीत चेअरमनकडे जातो तेव्हा एकच मागतो, 'गोल करणारा माणूस द्या.' आणि त्याने दहा मॅचेसमध्ये गोल केला नाही की तोच सगळ्यात आधी विकायला काढतात.

बर्मिंगहॅम सिटीचा बॅरी फ्राय हा असाच खरेदीची हौस असलेला मॅनेजर. त्याने जानेवारी १९९४ मध्ये क्लॅरिजला घेतलं. १९९४-९५ मध्ये याने वीसहून जास्त गोल ठोकले, बर्मिंगहॅमने दुसरी डिव्हिजन जिंकली, शिवाय वेम्बलीवर खालच्या डिव्हिजनच्या क्लबांचा कपही. आणि पुढच्याच सीझनमध्ये, मार्च १९९६ मध्ये, त्याला लेस्टरला विकला! त्या एका सीझनमध्ये बर्मिंगहॅमने ४६ खेळाडू वापरले. अकरा जणांच्या टीमसाठी ४६. आमच्या क्षेत्रातल्या मोठ्या प्रोजेक्टवरही इतका अ‍ॅट्रिशन बघितला नाही :-)

आता २७ मे १९९६. वेम्बली, सत्तर हजारांवर प्रेक्षक, प्रीमियर लीगमध्ये जायचा शेवटचा पास. लेस्टर विरुद्ध कोण? क्रिस्टल पॅलेस. हो, तेच. १-१ बरोबरी, एक्स्ट्रा टाइमही संपत आलेला. लेस्टरचा मॅनेजर मार्टिन ओनील याने पेनल्टी शूटआउटसाठी म्हणून कालाच नावाचा ताडमाड उंच ऑस्ट्रेलियन गोलकीपर आत पाठवला. तेवढ्यात फ्री किक, बॉल उडत बाहेर आला आणि क्लॅरिजने बऱ्याच लांबून तो हाणला. हाणला म्हणजे काय, बॉल त्याच्या नडगीला लागून गेला. क्षणभर कुणालाच कळलं नाही की गोल झालाय. पॅलेसचा नायजेल मार्टिन, पुढे लीड्सला गेलेला उत्तम गोलकीपर, जागचा हललासुद्धा नाही. २-१. कालाचला बॉलला हात लावायची वेळच आली नाही.

मला हा गोल फार आवडतो. सुंदर नाहीच तो. पण १२० व्या मिनिटाला, पाय शिशासारखे जड झालेले असताना, तिथे असणं हेच तर या माणसाचं कसब होतं.

पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १९९७ ला, त्याने परत तेच केलं. लीग कपची फायनल मिडल्सब्रोविरुद्ध बरोबरीत सुटली होती, म्हणून हिल्सबरोवर रिप्ले. मिडल्सब्रोकडे ब्राझीलचा जुनिन्यो, युव्हेंटसकडून युरोपियन कप जिंकून आलेला राव्हानेली. एक्स्ट्रा टाइममध्ये १०० व्या मिनिटाला गोल कुणी केला? वेमथ आणि ऑल्डरशॉटवाल्या क्लॅरिजने. १-०. लेस्टरला १९६४ नंतरचा पहिला मोठा कप.

त्याच वर्षी पत्रकार इयन रिडली याच्या मदतीने त्याचं आत्मचरित्र आलं. सहसा खेळाडूंची आत्मचरित्रं म्हणजे पाण्यात साखर. हे वेगळं आहे, कारण त्यात त्याने आपलं जुगाराचं व्यसन लपवलेलं नाही. वर्षानुवर्षं हातात आलेला पैसा घोड्यांवर गेला. एकदा हे कळलं की त्याच्या भटकंतीचा आणखी एक अर्थ लागतो. त्या काळी क्लब बदलला की हातात थोडी रोकड पडे, आणि ज्याची देणी थकलेली आहेत त्याला नव्या गावाला जायचा कंटाळा येत नाही. हे माझं अनुमान आहे, त्याचं विधान नव्हे. पण विंचवाचं बिऱ्हाड नेहमी हौसेनेच पाठीवर असतं असं नाही, एवढं खरं.

लेस्टरनंतर वुल्व्हज, ५ लीग मॅचेस आणि एकही गोल नाही. मग जन्मगावी, पोर्ट्समथला. ऑक्टोबर २००० मध्ये तिथे खेळाडू आणि मॅनेजर दोन्ही झाला, फेब्रुवारीत मॅनेजरकी काढून घेतली. मार्चमध्ये मिलवॉलला, तिथे महिन्या-दोन महिन्यांत दुसरी डिव्हिजन जिंकणाऱ्या टीममध्ये. २००३ मध्ये परत वेमथ, मॅनेजर-कम-स्ट्रायकर म्हणून. चेअरमन कोण, तर तोच इयन रिडली, आत्मचरित्रवाला! २००५ च्या उन्हाळ्यात मिलवॉलने त्याला मॅनेजर नेमलं आणि ३६ दिवसांनी काढून टाकलं. सीझनची पहिली मॅचसुद्धा झाली नव्हती. आपल्याकडे प्रोबेशन तरी सहा महिन्यांचं असतं.

मग चाळिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस पुन्हा बूट चढवून निघाला. ब्रायटन, ब्रेंटफर्ड आणि विकम झालेलेच होते. आता जिलिंगम, ब्रॅडफर्ड, वॉल्सॉल. कुठे दोन-चार मॅचेस, कुठे काही महिने.

रिकी लॅम्बर्ट आणि जेमी वार्डीच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. लॅम्बर्ट बीटरूटच्या कारखान्यात काम करायचा आणि २०१३ मध्ये इंग्लंडकडून पहिल्याच स्पर्शात गोल करता झाला. वार्डी नॉन-लीगमधून आला आणि २०१६ मध्ये लेस्टरकडून चॅम्पियन झाला. त्यांच्या गोष्टी शिडीसारख्या आहेत, सांगायला सोप्या. क्लॅरिजची गोष्ट एसटीच्या रूटसारखी आहे. चढ, उतार, मधेच तेच स्टँड परत.

२००६ च्या अखेरीस हिशेब केला तेव्हा त्याच्या खात्यावर नॉन-लीग धरून ९९९ मॅचेस होत्या. हजारावी कुठे खेळणार? बोर्नमथने थोड्या दिवसांचा करार दिला. कारकिर्दीच्या सुरुवातीला ज्यांनी त्याला सोडून दिलं होतं, तेच बोर्नमथ. ९ डिसेंबर २००६, प्रतिस्पर्धी पोर्ट व्हेल. वय वर्षं ४०. त्याने गोल केला नाही, आणि बोर्नमथ घरच्या मैदानावर ४-० ने हरलं.

त्यानंतर तो वर्दिंग नावाच्या नॉन-लीग क्लबात खेळायला गेला. २०११-१२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीत, गॉसपोर्टकडूनही उतरला. आणि २०१५ पासून सॉल्सबरीचा मॅनेजर झाला, जुना क्लब बुडाल्यावर नव्याने उभा केलेल्या क्लबचा. तिथे मात्र २०२२ पर्यंत टिकला.