‘कुलकर्णी’ : पदनाम आणि आडनाव

‘कुलकर्णी’ या आडनावातील ‘कुल’ म्हणजे वंश, अशी समजूत पुष्कळदा आढळते. गावदप्तराच्या व्यवहाराशी ती जुळत नाही. महसुलाचा हिशेब जमीन कसणाऱ्या कुळांच्या नावे मांडला जाई आणि ‘करण’ हा शब्द लेखनाचा, लेखनिकाचा वाचक. ‘कर्णिक’ हे आडनावही त्याच्याच गोत्रातले. कुळांचे दप्तर लिहितो तो कुलकर्णी. पाटलाकडे गावची हुकमत, कुलकर्ण्याकडे लेखणी, अशी ही वाटणी होती. परगण्याच्या पातळीवर तेच काम देशपांड्याचे.

पद हे आडनावाहून वेगळे होते, याचे सुपरिचित उदाहरण रामदासांचे. परंपरेने त्यांचे घराणे जांब गावचे कुलकर्णपण चालविणारे. आडनाव मात्र ठोसर. पुढे कित्येक घराण्यांत वतनाने मूळ उपनाम गिळून टाकले. म्हणूनच दोन कुलकर्ण्यांत केवळ आडनावावरून नाते जोडू पाहणे निराधार ठरते. ते जातिवाचकही नव्हे, जरी वतनदारांत ब्राह्मणांचा भरणा फार मोठा होता.

याच भरण्यामुळे शब्दाला दुसरा, कडवट अर्थ चिकटला. निरक्षर रयतेचे देणे एका घराण्याच्या वंशपरंपरागत लेखणीवर अवलंबून असे. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये भटकुलकर्ण्यांवर ओढलेले कोरडे आणि मुकुंदराव पाटलांचे ‘कुलकर्णीलीलामृत’ यांतील रोख आडनावावर नसून या मक्तेदारीवर आहे. कोशकाराने ही छटा गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१८ साली ही वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात तोच निर्णय १९५० च्या कायद्याने झाला.

पद गेले, आडनाव उरले. शब्दांच्या वंशावळी शोधणारे, ‘मराठी व्युत्पत्तिकोशा’चे कर्ते कृ. पां. कुलकर्णी आणि कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्याशी वाचकाचा परिचय आहेच. अनंतराव कुलकर्णी यांनी १९३८ मध्ये पुण्यात प्रकाशनसंस्था काढली, तिला नाव दिले ‘कॉन्टिनेन्टल’. याउलट, पूर्वी कोल्हापूर संस्थानात मोडणाऱ्या शिरोळ येथील यांत्रिक हत्यारांच्या कारखान्याने ‘कुलकर्णी पॉवर टूल्स’ असे आडनाव उघड मिरवले. पुढे ते ‘केपीटी इंडस्ट्रीज’ या नावातील एका आद्याक्षरापुरते राहिले.