चला, खडीवर हजेरी लागतेय

गाडी बाजूला घ्या आणि खाली उतरा. डाव्या हाताला तो मैलाचा दगड दिसतोय ना, हिरव्या डोक्याचा? हिरवं डोकं म्हणजे राज्य महामार्ग. दगडावर हात ठेवा, डोळे मिटा. आता उघडा.

दगड गेला, डांबर गेलं. मे १९७३, दुष्काळाचा उन्हाळा. करमाळ्याच्या बाजूचा उघडा माळ आणि माणसंच माणसं. जत्राच भरली म्हणाल, पण पिपाण्या नाहीत, पाळणे नाहीत. चारी बाजूंनी नुसती ठकठक ऐकू येते, शेकडो हातोड्यांची. कानाला दडे बसतात.

"दादा, तिथं नका उभं राहू, कपची उडंल डोळ्यात!"

सरका. मुकादम हजेरीपत्रक घेऊन नावं पुकारतोय. तुमचं आलं की मोठ्यानं ओ द्या, नाहीतर आजचा खाडा पडेल.

खाणीतला डबर समोर ओतलेला आहे. बसा. घ्या हातोडा. पहिला घाव घसरतो, दुसऱ्याला कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, दहाव्याला तळहातावर फोड. शेजारची बाई काही न बोलता लुगड्याची चिंधी फाडून देते. बोटांना गुंडाळा. "शीर बघा दगडाची," ती म्हणते, "शिरंवर मारा." तुम्हाला दगड दिसतो, शीर दिसत नाही. ती तुमचाच दगड पायाशी ओढते, जरासा फिरवते, एक घाव घालते. दोन तुकडे. आतला चेहरा निळसर काळा, ताजा, आणि त्याला जळका वास. तिचं तान्हं मागे तीन काठ्यांना बांधलेल्या झोळीत झोपलंय. मधूनच उठून ती झोका देते आणि परत येऊन बसते.

अकरा वाजता खडी इतकी तापते की खाली पोतं घातल्याशिवाय टेकता येत नाही. ओठांवर धुरळा, दातांत धुरळा. पाणी टँकरचं, मोजून.

दुपारी भाकरी सोडा. लाल आहे, कारण ज्वारी परदेशातून आलेली, मिलो. घास घशाशी अडतो. पोरं मात्र सुकडीच्या रांगेत पळतायत. भाजक्या धान्याची ती गोडसर पूड ओंजळीत घ्या आणि तशीच तोंडात टाका. आजूबाजूला बघा: वीस एकरांचा धनी आणि काल-परवापर्यंत त्याच्याच बांधावर राबणारा गडी एकाच ढिगाला टेकून जेवतायत. दोघांच्याही विहिरी कोरड्या. राज्यभर अशा दुष्काळी कामांवर या महिन्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं आहेत.

संध्याकाळी ढिगाचं माप. शंभर घनफुटांचा एक ब्रास, मजुरी त्या हिशेबानं. ढीग पोकळ रचला असेल तर साहेब काठी खुपसून बघतो. दिवसाकाठी दोन-तीन रुपये पडतात, तेही आठवड्याच्या पगाराला.

खालचे मोठे दगड हातानं उभे बसवायचे, ते सोलिंग. त्यावर ही खडी, मग मुरूम, पाणी आणि रोलर. प्यायलाच पाणी नाही तिथं रोलरखाली कुठून मारणार? म्हणून कित्येक रस्ते नुसतेच अंथरून पावसाची वाट बघत राहिले.

थोडी वर्षं पुढे या. नाकात डांबर शिरलं? पिंपाखाली लाकडं पेटलीयत, पायांना पोत्याचे तुकडे बांधलेली माणसं झारीनं काळी धार सोडतायत. जेमतेम एका गाडीच्या रुंदीचा पट्टा. आणि ती बघा लाल एस.टी., खिडक्या खडखडवत येतेय. बाजाराची पोती, कोंबड्या, बाळंतीण, कॉलेजला निघालेला पहिला पोरगा, सगळे आत. सरका जरा, तुम्हालाही चढायचंय.

पुढची रुंदीकरणं, पूल, नव्या पाट्या सगळं कागदावर आहे. पण अशा कित्येक रस्त्यांच्या पायातला दगड उपाशी माणसांनी, त्यातही बायांनी, हातानं फोडलेला आहे, आणि माझ्या लेखी रस्त्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. एकाही कोनशिलेवर त्यांचं नाव मी पाहिलेलं नाही.

त्या वेळी खडीवर गेलेल्या पोरीसोरी आज सत्तरीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात अशी आजी असेल तर या रविवारी तिला विचारा, कुठल्या रस्त्यावर होतीस? ती सांगेल ते लिहून ठेवा, आणि जमलं तर तिला त्याच रस्त्यावर गाडीतून फिरवून आणा.