न जळालेल्या फिती

कॉलेजातलं गॅदरिंग आठवून पाहा. फिशपाँड, वर्गणीवरून झालेली भांडणं, शेवटच्या रात्रीचा ऑर्केस्ट्रा. पहिल्या रांगेत प्राचार्य घड्याळाकडे बघत बसलेले आणि मागं मुलांचा 'वन्स मोअर' चाललेला. हेच गॅदरिंग आवाराचं फाटक ओलांडून आठवडाभर गावाच्या रस्त्यांवर आलं तर? पोर्तुगालमधल्या कोइंब्रा गावात ते दर मे महिन्यात येतं.

कोइंब्रा हे नाव आपल्या फारसं कानावरचं नाही. पण तिथल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा एक प्राध्यापक गोव्यातल्या जुन्या माणसांना चांगलाच ठाऊक आहे. त्याचं नाव सालाझार. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा त्याच्याच राजवटीखाली होता. विद्यापीठ अर्थात त्याच्याहून फार जुनं, १२९० सालचं.

उत्सवाचं नाव 'केइमा दास फितास', म्हणजे फिती जाळणं. आपण मुलींच्या वेणीला बांधतो ती फीत मूळची हीच, पोर्तुगीजांबरोबर मराठीत आलेली. तिथं प्रत्येक विद्याशाखेच्या फितीचा रंग ठरलेला. वैद्यकाचा पिवळा, कायद्याचा तांबडा, औषधशास्त्राचा जांभळा. शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर आलेली मुलं आपली अरुंद फीत जाळतात आणि मग रुंद फितींचा मान मिळवतात. आणि जाळतात कशात? पूर्वी रात्री पलंगाखाली ठेवत त्या भांड्यात! विद्वत्तेची एवढी मिजास असलेल्या गावात असला वात्रटपणा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुजला, याचं मला कौतुक वाटतं. मग कागदी फुलांनी मढवलेले रथ टेकडीवरून खाली शहरात उतरतात. रथांवर सगळ्यांची टिंगल असते. रात्री मोंदेगो नदीच्या काठावर पहाटेपर्यंत गाणं चालतं. सारा कारभार विद्यार्थ्यांच्या हाती.

मला ओढ आहे ती पहिल्या रात्रीची. मध्यरात्री जुन्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर काळे झगे पांघरलेले विद्यार्थी फादो गातात. समोर गर्दी मावत नाही, पण टाळी वाजवायची नाही अशी जुनी रीत आहे. मुशायऱ्यांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे जड जाईल. आमच्याकडे शेराला 'वाहवा' मिळाली नाही, तर शायराच्या घशाला कोरड पडते.

गप्प राहण्याची ही सवय १९६९ साली वेगळ्याच कामाला आली. १७ एप्रिलला गणित विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. राष्ट्राध्यक्ष अमेरिको तोमास आले होते. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष आल्बेर्तो मार्तिन्स उभा राहिला आणि विद्यार्थ्यांच्या वतीनं बोलायची परवानगी मागू लागला. मागणी एवढीच. ती मिळाली नाही, पाहुणे निघून गेले आणि त्याच रात्री मार्तिन्सला अटक झाली. पुढं त्याची सुटका झाली, पण संघटनेच्या पुढाऱ्यांना विद्यापीठातून निलंबित करण्यात आलं.

विद्यार्थ्यांनी 'शोक' जाहीर केला. वर्गांवर बहिष्कार, मग परीक्षांवरही. आणि सभा घेऊन ठरवलं, की यंदा फिती जळणार नाहीत. राजवटीला उत्सव नको असेल असं आपल्याला वाटतं. मला उलट वाटतं. नाचणारी पोरं प्रश्न विचारत नाहीत, असा प्रत्येक सत्तेचा समज असतो. तेव्हा उत्सव झाला असता तर तिला बरंच वाटलं असतं. मुलांनी रथांऐवजी गावकऱ्यांना फुलं वाटली, फुगे वाटले आणि आपलं म्हणणं घरोघर पोचवलं.

२२ जून रोजी लिस्बनजवळ फुटबॉल चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला बेनफिका, दुसऱ्या बाजूला कोइंब्राच्या विद्यार्थ्यांचा संघ अकादेमिका. खेळाडू खांद्यावर काळे झगे घेऊन मैदानात आले, प्रेक्षकांत निषेधाचे फलक फडकले. राष्ट्राध्यक्ष आले नाहीत आणि सामना टीव्हीवर दाखवला गेला नाही. जादा वेळेत अकादेमिका २-१ अशी हरली. पुढं अनेक विद्यार्थ्यांना सक्तीनं लष्करात धाडलं गेलं. तेव्हा आफ्रिकेतल्या वसाहतींत युद्ध चालू होतं.

रेडिओवर बोलतोय म्हणून हेही सांगायला हवं. कोइंब्रात शिकताना फादो गाणारा जोझे अफोन्सो पुढं निषेधाची गाणी लिहू लागला होता. २५ एप्रिल १९७४ च्या मध्यरात्रीनंतर त्याचं एक गाणं रेडिओवर लागलं. बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांसाठी ती निघण्याची खूण होती. दिवसभरात राजवट कोसळली.

आता पुढच्या वसंतात फिती जळाल्या असतील असं कुणालाही वाटेल. पण नाही. काळे झगे आणि जुन्या रिती हीच मुळात त्या राजवटीची शिल्लक आहे, असं कित्येक विद्यार्थी म्हणू लागले. बाकीच्यांना ते पटेना. वाद वर्षानुवर्षं चालला आणि उत्सव परतला तो १९८० साली, तेव्हाही कुरबुरींसकट. बोलू न दिलेला मार्तिन्स २००९ मध्ये पोर्तुगालचा कायदामंत्री झाला. मधल्या अकरा वसंतांत पदवी घेऊन गेलेल्यांच्या फिती मात्र न जळताच राहिल्या.