प्रसिद्धीपत्रक आणि नकलेचा प्रश्न : १९०६ ते २०११

प्रसिद्धीपत्रक आपल्या संकेतस्थळावर जसेच्या तसे टाकले, तर सर्च इंजिन शिक्षा करते का? याचे उत्तर समजण्यासाठी प्रसिद्धीपत्रकाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

२८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ एक रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून ५३ जण मृत्युमुखी पडले. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघाताची माहिती सहसा दडपत असत. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे प्रसिद्धी सल्लागार आयव्ही ली यांनी मात्र पत्रकारांना लेखी निवेदन दिले. हे आधुनिक प्रसिद्धीपत्रकाचे पहिले उदाहरण मानले जाते, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते शब्दशः छापले असे जनसंपर्काच्या इतिहासात सांगितले जाते. म्हणजेच प्रसिद्धीपत्रकाचा जन्मच मुळी नक्कल होण्यासाठी झाला. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली 'पीआर न्यूजवायर' ही संस्था एकच मजकूर टेलिप्रिंटरने अनेक वृत्तपत्रांना एकाच वेळी पाठवू लागली. घरी एकच वृत्तपत्र घेणाऱ्या वाचकाला ही पुनरावृत्ती जाणवत नसे.

वेबवर मात्र सगळ्या प्रती सर्च इंजिनसमोर एकत्र आल्या. १९९७ मध्ये आन्द्रेई ब्रोडर व सहकाऱ्यांनी अल्टाव्हिस्टाने गोळा केलेल्या सुमारे ३ कोटी पानांवर सारखी पाने ओळखण्याची एक पद्धत वापरली. मजकुराचे सलग शब्दांचे तुकडे पाडायचे आणि समाईक तुकड्यांच्या संख्येला एकूण वेगवेगळ्या तुकड्यांच्या संख्येने भागायचे, हे तिचे मूळ तत्त्व. उदाहरणार्थ, 'नवा पूल आज वाहतुकीसाठी खुला' आणि 'नवा पूल आज वाहतुकीसाठी बंद' ही वाक्ये घ्या. तीन-तीन शब्दांचे एकूण वेगवेगळे तुकडे ४, समाईक २. म्हणून साम्य २/४, म्हणजे ०.५. अर्थ नेमका उलट, तरी साम्य निम्मे! ही पद्धत शब्द मोजते, अर्थ नाही.

साम्य ओळखल्यावर पुढे काय? सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने स्पष्ट केले की साध्या पुनरावृत्तीसाठी दंड नसतो. सारख्या पानांचा गट करून त्यातले एक दाखवले जाते. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'कॅनॉनिकल' खूण स्वीकारली. तिच्यामुळे मूळ पान कोणते हे लिहिणाऱ्यालाच सांगता येऊ लागले. त्याच वर्षी डिसेंबरपासून गूगल ती खूण दोन वेगळ्या संकेतस्थळांमध्येही मानू लागले. फेब्रुवारी २०११ च्या 'पांडा' बदलानंतर मात्र उसन्या किंवा निकृष्ट मजकुरावर चालणारी संकेतस्थळे निकालांत मागे पडली.

सारांश, एखादे पत्रक पुन्हा टाकणे हा गुन्हा नाही, पण तुमची प्रत निकालांत दिसेलच असे नाही. आपलेच पत्रक असेल, तर ते आधी आपल्या संकेतस्थळावर टाकावे. दुसऱ्याचे असेल, तर मूळ दुवा द्यावा आणि स्वतःची माहिती जोडावी. पत्र सूचना कार्यालयाच्या इंग्रजी पत्रकाचा चांगला मराठी किंवा तमिळ अनुवाद ही नक्कल ठरत नाही, कारण तो नव्या वाचकापर्यंत पोहोचतो.

शेवटी एक गोष्ट वाचक म्हणूनही लक्षात ठेवावी. एकच पत्रक पन्नास ठिकाणी दिसले, तरी साक्षीदार पन्नास होत नाहीत. १९०६ च्या त्या निवेदनात जे होते, तेही कंपनीचेच म्हणणे होते. प्रती मोजण्याआधी बोलणारा कोण हे पाहावे.